फ्रान्समधलं खेड्यातलं चर्च बघताय? या चुका टाळा

पश्चिम फ्रान्समध्ये ओने नावाचं गाव आहे (स्पेलिंगमध्ये 'एल' आहे, तोंडात नाही). तिथलं सँ-प्येर चर्च १२ व्या शतकातलं, स्पेनमधल्या सांतियागो या ख्रिस्ती तीर्थक्षेत्राला जाणाऱ्या यात्रेकरूंच्या वाटेवरचं. १९९८ पासून ते जागतिक वारसा यादीतही आहे. घरी पाहुणे आले की मी त्यांना तिथे नेतो आणि दर वेळी त्याच चुका बघतो.

पहिली चूक माझीच. दक्षिणेकडच्या दारावर कमानीच्या एकात एक ओळी आहेत. त्यातल्या एका ओळीत बायबलमधल्या प्रकटीकरण या पुस्तकातले मुकुटधारी वडील (म्हणजे वडीलधारे, बाप नव्हे) बसलेत, हातात वाद्यं आणि पात्रं घेऊन. ग्रंथात ते चोवीस आहेत. म्हणून मी मित्रांपुढे ऐटीत सांगून टाकलं, "हे चोवीस वडील." चर्चभोवती दफनभूमी आहे. तिथे एका थडग्यावरच्या फुलांना पाणी घालणाऱ्या आजींनी मान वर करून विचारलं, "मोजलेत का?" मोजले नव्हते. मोजले तर एकतीस! पुन्हा मोजले, तरी एकतीस. इथे एका दगडाला एक मूर्ती असा हिशेब आहे. कमान मोठी म्हणून दगड जास्त, आणि दगड जास्त म्हणून वडीलही जास्त, असं मला वाटतं. तेव्हापासून डावीकडून, खालच्या दगडापासून, बोट धरून मोजतो. पाहुणे वैतागतात. वैतागू देत. आधी फोटो आणि मग घरी जाऊन बघू म्हणणारे घरी जाऊनही बघत नाहीत.

दुसरी चूक सगळ्यात जुनाट: टोकदार कमान दिसली की "गॉथिक!" म्हणून मोकळं व्हायचं. ओनेच्या मुख्य दालनाचं दगडी छत टोकदारच आहे, तरी चर्च रोमनेस्क, म्हणजे गॉथिकच्या आधीच्या शैलीतलं. अर्धगोल छतापेक्षा टोकदार छत भिंतींना बाहेर कमी रेटतं, एवढं गवंड्यांना आधीपासून ठाऊक होतं. गॉथिक ओळखायचं तर छताखाली दगडी फासळ्या शोधा, मग भिंतींकडे बघा. फासळ्यांनी भार खांबांवर नेला की भिंतीत मोठ्या खिडक्या काढता येतात. इथे दालनाला फासळ्या नाहीत, भिंती जाडजूड आणि खिडक्या लहान. मी पाहुण्यांना आधी मान वर करायला लावतो, शैलीचं नाव नंतर.

सगळी इमारत एकाच शतकाची समजू नका. पश्चिमेच्या दर्शनी भिंतीला टेकू देणारे दगडी आधार १५ व्या शतकातले, दफनभूमीतला उंच दगडी क्रूसही तेव्हाचाच.

सकाळी पश्चिमेचं दार बघायला जाऊ नका. ऊन मागच्या बाजूला असतं, कोरीवकाम सपाट दिसतं. दुपार कलू द्या.

दारावर मोठं शिल्पपट्ट नाही म्हणून हिरमुसू नका. या भागात कारागिरी कमानींवरच ओतलेली असते.

आणि दुर्बीण विसरू नका. आत एका खांबाच्या माथ्यावर तीन हत्ती कोरलेत, आणि तिथेच लॅटिनमध्ये लिहिलंय: "हे हत्ती आहेत." पुण्याहून आलेल्या मावशीने दुर्बिणीतून बराच वेळ निरखलं आणि म्हणाली, "लिहिलं ते बरं केलं बाई."