इंग्रजीतील अलंकार आणि साहित्यसंज्ञा कशा शिकाव्यात

बारावीला इंग्रजी कवितेचे रसग्रहण लिहिताना किंवा बी.ए.ला इंग्रजी हा विशेष विषय घेतल्यावर मेटॉनिमी, सिनेक्डकी, ट्रान्सफर्ड एपिथेट अशा संज्ञांची लांबलचक यादी हाती पडते आणि नाशिकमधील बहुतेक विद्यार्थी गाइड उघडून व्याख्या घोकू लागतात. व्याख्या पाठ होतात, परंतु परीक्षेत अनोळखी कविता समोर आली की कोणती व्याख्या कोणत्या ओळीला लावायची हे सुचत नाही. म्हणून ओळीत नेमके काय घडते आहे हे आधी पाहावे आणि नाव त्यानंतर द्यावे.

सर्वप्रथम यादीतील संज्ञा त्यांच्या कामानुसार वेगळ्या कराव्यात: नादाच्या, तुलनेच्या, एका गोष्टीऐवजी दुसरीचे नाव घेणाऱ्या, विरोधाच्या आणि शब्दांच्या मांडणीच्या. यांपैकी तुलनेचा गट मराठी माध्यमातून आलेल्याला जवळजवळ फुकटच मिळतो. सिमिली ही आपली उपमा, मेटाफर हे रूपक, पर्सोनिफिकेशन ही चेतनगुणोक्ती आणि हायपर्बली ही अतिशयोक्ती. उत्प्रेक्षेसाठी मात्र इंग्रजी पाठ्यपुस्तकांत सहसा स्वतंत्र नाव नसते. ‘जणू काही’ अशा अर्थाची ओळ तेथे सिमिलीतच धरली जाते.

नादाच्या गटात चूक होते ती स्पेलिंगमुळे. ॲलिटरेशन ठरते ते आवाजावरून, अक्षरावरून नाही. सिटी आणि कॅट हे दोन्ही शब्द इंग्रजीत एकाच अक्षराने सुरू होतात, तरी त्यांत अनुप्रास नाही. फोन आणि फॅन यांची पहिली अक्षरे वेगळी असूनही तो आहे. शंका आली की ओळ देवनागरीत लिहून पाहावी, कारण आपली लिपी उच्चार उघड करते. शब्दारंभीचे व्यंजन पुन्हा पुन्हा आले तर ॲलिटरेशन आणि जवळजवळच्या शब्दांत स्वर पुन्हा आला तर ॲसोनन्स, हे त्या लेखनात चटकन दिसते.

सर्वाधिक वेळ द्यावा तो तिसऱ्या गटाला, कारण शालेय मराठीतील अलंकारांच्या पाठात त्याला जोड सापडत नाही. ती सापडते शब्दशक्तीच्या पाठात, लक्षणेखाली (मूळ अर्थ बाजूला ठेवून त्याच्याशी संबंधित अर्थ घेणे), आणि हे कोणी सांगत नसल्याने विद्यार्थी उगाच घाबरतात. ‘लासलगाव आज उतरले’ हे वाक्य घ्या. गाव जागेवरच असते, उतरतो तो तेथील कांद्याचा भाव. संबंधित वस्तूचे नाव मूळ वस्तूऐवजी वापरले, म्हणून ही मेटॉनिमी. ‘घरात खाणारी तोंडे सहा’ यात तोंड हा माणसाचाच भाग आहे आणि भागावरून संपूर्ण माणूस सुचवला आहे, म्हणून ही सिनेक्डकी. ओळखण्यासाठी एकच प्रश्न विचारावा: उल्लेखलेली वस्तू मूळ वस्तूचा भाग आहे की केवळ तिच्याशी जोडलेली? काही उदाहरणांवर पुस्तकांचेच एकमत नसते. अशा वेळी आपल्या पाठ्यपुस्तकाचा निर्णय मानावा. ट्रान्सफर्ड एपिथेटमध्ये विशेषण भलत्याच नामाला चिकटते: ‘बेचैन रात्र’ म्हटले तरी बेचैन असतो तो जागणारा माणूस.

विरोधाच्या संज्ञा जोडीजोडीने शिकाव्यात. दोन परस्परविरुद्ध शब्द शेजारी बसले तर ऑक्सिमोरॉन. संपूर्ण विधान विसंगत वाटूनही खरे निघाले तर पॅराडॉक्स. दोन विरोधी कल्पना समतोल वाक्यरचनेत समोरासमोर मांडल्या तर अँटिथिसिस. २० जानेवारी १९६१ रोजी अध्यक्षपदाची शपथ घेतल्यानंतरच्या भाषणात जॉन केनेडी यांनी, देश तुमच्यासाठी काय करू शकतो हे न विचारता तुम्ही देशासाठी काय करू शकता हे विचारा, असे आवाहन केले. त्या एका वाक्यात अँटिथिसिस आहे आणि शब्दांचा क्रम उलटल्याने कायॅझमसही आहे. एका ओळीत दोन अलंकार असू शकतात, हे यावरून ध्यानात घ्यावे. गोदावरीला पूर येऊन नाशिकच्या नदीपात्रातील दुतोंड्या मारुतीची मूर्ती पाण्यात असताना घरातला नळ कोरडा राहिला, तर ती सिच्युएशनल आयरनी. रंगमंचावरील पात्राला ठाऊक नसलेली गोष्ट प्रेक्षकाला ठाऊक असेल, तर ती ड्रामॅटिक आयरनी.

यानंतर प्रत्येक संज्ञेसाठी एक कार्ड करावे. पुढे नाव व उच्चार, मागे स्वतः रचलेले उदाहरण आणि ते त्या संज्ञेत का बसते याचे एक वाक्य. गाइडमधील उदाहरण उतरवू नये. उच्चार लिहिण्याचे कारण असे की तोंडी परीक्षेत हायपर्बलीचे ‘हायपरबोल’ हमखास होते. कार्डे दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी आणि पुढे आठवड्याने, मागची बाजू झाकून तपासावीत.

१८४० मध्ये स्थापन झालेले नाशिकचे सार्वजनिक वाचनालय असो वा महाविद्यालयाचे ग्रंथालय, तेथे इंग्रजी वृत्तपत्राचा अग्रलेख घेऊन त्यातील अलंकार पेन्सिलीने वहीत टिपून काढावेत. अग्रलेखांत मेटॉनिमी भरपूर सापडते, कारण सरकारऐवजी राजधानीचे नाव घेण्याची सवय तेथे जुनी आहे.

उत्तर लिहिताना अलंकाराचे नाव, त्याला आधार देणारे ओळीतील नेमके शब्द आणि त्यामुळे अर्थात पडलेली भर, हे तिन्ही द्यावे. ‘कविता सुंदर झाली आहे’ हे वाक्य कोणत्याही कवितेला चालते, म्हणून ते लिहू नये; त्याऐवजी रात्रीला बेचैन म्हटल्याने माणसाची अस्वस्थता सभोवतालच्या अंधारातही पसरल्यासारखी वाटते, असे त्या ओळीपुरते लिहावे.