‘शांग्री-ला’ कशी पाहावी: कार्बनच्या हिशेबाचा धागा धरून

‘शांग्री-ला’ ही चोवीस भागांची जपानी ॲनिमे मालिका २००९ साली एप्रिल ते सप्टेंबर या काळात जपानमध्ये प्रसारित झाली. गोन्झो स्टुडिओची निर्मिती, माकोतो बेश्शो यांचे दिग्दर्शन आणि एइइची इकेगामी यांची २००५ साली पुस्तकरूपाने आलेली कादंबरी, हा तिचा पाया. एकविसाव्या शतकाच्या मध्यावर पृथ्वी तापलेली आहे, महाभूकंपानंतर टोकियोत जंगल वाढवले गेले आहे, त्या जंगलातून ॲटलस नावाचे अजस्र मनोरा-शहर वर चढत आहे आणि ज्यांना तिथे जागा मिळाली नाही ते लोक खाली दमट उष्म्यात राहत आहेत. कथेत पात्रे पुष्कळ आहेत, घटना वेगाने घडतात आणि बाजाराची परिभाषा कोणी थांबून समजावत नाही. त्यामुळे नव्या प्रेक्षकाला तिसऱ्या-चौथ्या भागातच मालिका सोडून द्यावीशी वाटू शकते. माझ्या मते ती सोडू नये. मात्र पाहताना लढायांपेक्षा कार्बनच्या हिशेबाकडे अधिक लक्ष द्यावे, कारण प्रत्येक लढाईचे कारण त्या हिशेबातच दडलेले असते.

पहिला भाग सुरू करण्यापूर्वी निव्वळ कार्बन ही कल्पना नीट समजून घ्यावी. एखादा देश १०० एकक कार्बन हवेत सोडतो आणि त्याची जंगले ३० एकक शोषून घेतात असे मानले, तर त्याच्या खात्यावर ७० एकक उरतात. मालिकेतील जगात देशांवर या उरलेल्या आकड्यानुसार कराचा बोजा पडतो. मग आकडा कमी करण्याचे दोन मार्ग राहतात: धूर कमी करणे किंवा झाडे वाढवणे. पहिला मार्ग उद्योगांना जाचतो. दुसऱ्यासाठी जमीन लागते, आणि त्या जमिनीवर माणसे राहत असतात. टोकियोचे जंगल करून लोकांना एका मनोऱ्यात हलवण्याची सरकारची योजना या दुसऱ्या मार्गातून जन्मली आहे, हे ध्यानात ठेवले की हिरवीगार दृश्ये वेगळी दिसू लागतात. एरवी आपण झाड दिसले की ते चांगलेच असे गृहीत धरतो. इथे झाड हे कर वाचवण्याचे साधनही आहे.

ही कल्पना लेखकाने हवेतून आणलेली नाही. हरितगृह वायूंचे उत्सर्जन कमी करण्यासाठीचा आंतरराष्ट्रीय क्योतो करार ११ डिसेंबर १९९७ रोजी क्योतो शहरातच स्वीकारला गेला आणि १६ फेब्रुवारी २००५ रोजी अमलात आला. २००८ ते २०१२ या काळात जपानला आपले हरितगृह वायूंचे उत्सर्जन १९९० च्या तुलनेत ६ टक्क्यांनी कमी करायचे होते. त्या ६ टक्क्यांपैकी तब्बल ३.८ टक्के वाटा जंगलांनी शोषलेल्या कार्बनमधून भरून काढण्याची मुभा जपानने वाटाघाटींत मिळवली होती. म्हणजे देशाच्या वचनाचा निम्म्याहून मोठा भाग झाडांच्या हिशेबावर उभा होता. युरोपीय संघाचा उत्सर्जन-परवान्यांचा, म्हणजे कार्बन सोडण्याच्या परवानग्या विकत घेण्या-देण्याचा, बाजारही २००५ सालीच सुरू झाला. कादंबरी आली ती नेमकी या वर्षी, हे लक्षात घेतले तर कथेतील अतिशयोक्तीचे मूळ कुठे आहे ते स्पष्ट होते. कोणता देश खरोखर किती कार्बन सोडतो हे बाहेरून कसे कळणार, असा प्रश्न पाहताना पडला, तर जपानचा ‘इबुकी’ उपग्रह आठवावा. हरितगृह वायूंचे मापन हेच मुख्य काम असलेला हा उपग्रह २३ जानेवारी २००९ रोजी, म्हणजे मालिका सुरू होण्याच्या काही आठवडे आधी, तानेगाशिमा येथून अवकाशात गेला.

आता प्रत्यक्ष पाहण्याविषयी. मूळ जपानी आवाज ठेवून उपशीर्षकांसह पाहावे. पहिले चार भाग शक्यतो एका बैठकीत पाहावेत, कारण कथेचे तीन-चार प्रवाह सुरुवातीला एकमेकांपासून इतके दूर वाहतात की मध्ये खंड पडल्यास दुवे निसटतात. त्यानंतर दिवसाला दोन भागांहून अधिक पाहू नयेत. शेजारी एक वही ठेवावी आणि तिच्यात पात्रांच्या नावांपुढे फक्त दोन गोष्टी लिहाव्यात: हे पात्र किती उंचीवर राहते, आणि त्याच्या कृतीने कार्बनचा आकडा वाढतो की घटतो. चेहरेपट्टी, शस्त्रे, पोशाख यांची नोंद करण्याची गरज नाही. रेंजी मुराता यांनी पात्रांना इतकी ठसठशीत रूपे दिली आहेत की ती आपोआप लक्षात राहतात.

या वहीत पहिले नाव अर्थातच कुनिको होजो हिचे असेल. सुधारगृहातून सुटून ती दुओमो या जमिनीवरच्या वस्तीत परतते, तेथील ‘मेटल एज’ या सरकारविरोधी संघटनेचे नेतृत्व तिच्याकडे यायचे असते आणि भलामोठा बूमरँग हे तिचे शस्त्र असते. तिच्या लढाया रंगतदार आहेत, तरीही पाहताना तिच्या शंकांकडे अधिक लक्ष द्यावे. आपल्या माणसांना बंदुकीच्या तोंडी देण्याचा अधिकार आपल्याला आहे का, हा प्रश्न तिला सोडत नाही. मालिकेच्या शीर्षकगीताचे नाव योसानो अकिको या कवयित्रीच्या १९०४ सालच्या कवितेवरून घेतले आहे. रशिया-जपान युद्धात गेलेल्या धाकट्या भावाला ‘तू मरू नकोस’ अशी विनवणी तिने त्या कवितेत केली होती. हे ठाऊक असेल तर शीर्षकगीत पुढे ढकलावेसे वाटणार नाही.

कुनिकोसोबत असलेली मोमोको हे पात्रही आवर्जून पाहावे. ती पारलिंगी स्त्री आहे आणि कुनिकोला तिने आईच्या मायेने वाढवले आहे. तिच्या वाट्याला आलेले काही विनोद आज खटकतात, पण तिची निष्ठा आणि धैर्य कथेत कोठेही कमी लेखलेले नाही.

सर्वांत बारकाईने पाहावी ती मात्र कारिन इशिदा. ही लहान मुलगी संगणकासमोर बसून ‘मेड्युसा’ या आपल्या प्रणालीच्या साहाय्याने कार्बनच्या बाजारात उलाढाल करते आणि दूरदूरच्या देशांची अर्थव्यवस्था हलवते. तिच्या प्रसंगांत धावपळ नसते, पडद्यावर आकडे आणि संवादच जास्त असतात, म्हणून ते कंटाळवाणे वाटण्याचा संभव आहे. तिथेच थांबून, लागल्यास मागे जाऊन, तीन प्रश्नांची उत्तरे शोधावीत. आत्ता कशाची किंमत पडली? ती पडणार हे कोणाला आधी ठाऊक होते? आणि जमिनीवर प्रत्यक्षात किती धूर कमी झाला? बहुतेक वेळा तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर ‘काहीच नाही’ असे येते, आणि मालिकेची खरी टीका तिथे आहे. हवा स्वच्छ करण्यासाठी उभा केलेला हिशेब हवेपासून सुटून स्वतःच्या नफ्यासाठी धावू लागतो. कारिनला खलनायिका ठरवण्याची घाई करू नये, कारण ती आई-वडिलांची वाट पाहणारी एकटी मुलगी आहे, आणि तिच्या हाती एवढी सत्ता येऊ देणारी व्यवस्था तिने निर्माण केलेली नाही.

ॲटलसकडे पाहताना जपानच्या वास्तुकलेचा थोडा इतिहास हाताशी असावा. १९६० साली केन्झो तांगे यांनी टोकियोच्या उपसागरावर शहर पसरवण्याचा आराखडा मांडला होता, आणि १९८९ साली, पैशाच्या भरतीच्या काळात, ताकेनाका या बांधकाम कंपनीने एक हजार मीटर उंचीच्या उभ्या शहराची कल्पना पुढे आणली. त्यांपैकी काहीच बांधले गेले नाही. मालिका त्या स्वप्नाला विचारते की असे शहर झालेच तर वर कोण जाणार. म्हणून ॲटलसच्या प्रत्येक दृश्यात आपण कोणत्या मजल्यावर आहोत हे शोधावे. वर गारवा, खाली दमटपणा. उंची हीच या जगातील प्रतिष्ठा आहे. तिथेच राहणाऱ्या मिकुनी या मुलीला सूर्यप्रकाश सोसत नाही आणि तिच्याशी खोटे बोलणारा जिवंत राहत नाही. तिचे प्रसंग भीतिदायक आहेत, आणि एकूणच हिंसा बरीच असल्यामुळे ही मालिका लहान मुलांना दाखवू नये.

जमिनीवरच्या दृश्यांत भूकंपाची स्मृती आणि शहराचा उष्मा या दोन गोष्टी सतत असतात. १ सप्टेंबर १९२३ च्या कांतो भूकंपात आणि त्यानंतरच्या आगींत एक लाखाहून अधिक लोक मरण पावले, आणि तेव्हापासून ‘पुढच्या’ भूकंपाची धास्ती टोकियोला सोडून गेलेली नाही. उष्म्याविषयी सांगायचे तर टोकियोचे सरासरी तापमान शंभर वर्षांत सुमारे ३ अंशांनी वाढले आहे, आणि त्यात जागतिक तापमानवाढीबरोबर काँक्रीटचाही मोठा हात आहे. २००१ साली महानगर प्रशासनाने मोठ्या नव्या इमारतींना गच्चीचा काही भाग हिरवा करणे बंधनकारक केले. मालिकेतील जंगल हे त्याच उपायाचे कल्पनेने टोकाला नेलेले रूप समजून पाहिले, तर झपाट्याने पसरणारी ‘डेडलस’ ही वनस्पती निव्वळ राक्षसी वाटत नाही. मोजमापाच्या हट्टातून निसर्गाला दिलेल्या वेगाचा तो परिणाम आहे.

मालिकेच्या उत्तरार्धाविषयी आधीच सावध करणे मला आवश्यक वाटते. मध्यानंतर कथा अर्थकारणाकडून पुराणकथेकडे वळते, ॲटलसच्या वारसाचे गूढ पुढे येते आणि मरण पावली असे वाटलेली पात्रे परत येऊ लागतात. ही घसरण आहे असे माझे मत आहे, आणि ती लपवण्यात अर्थ नाही. त्या भागांत वहीतील ‘कार्बन’चा रकाना रिकामा राहू लागेल; तेव्हा ‘उंची’चा रकाना भरत राहावा, कारण वर कोण राहील हा प्रश्न शेवटपर्यंत टिकून आहे.

चोवीसावा भाग संपल्यावर लगेच दुसरी मालिका सुरू करू नये. आठवड्याभराने केवळ कारिनचे प्रसंग सलग पाहावेत. पहिल्या वेळी निसटलेले व्यवहार आता उलगडतात. त्यानंतर टोकियो महानगराने एप्रिल २०१० मध्ये, म्हणजे मालिका संपल्यावर काही महिन्यांतच, मोठ्या इमारती आणि कारखान्यांसाठी सुरू केलेल्या उत्सर्जन-मर्यादा व परवाना-व्यापाराच्या योजनेविषयी वाचावे. त्या योजनेत प्रत्येक जागेला आधी स्वतःचे उत्सर्जन कमी करावे लागते आणि कमी पडलेला भाग भरून काढण्यासाठी व्यापाराचा आधार घेता येतो. कारिनच्या बाजारात आणि या बाजारात नेमका कोणता फरक आहे, हे वहीच्या शेवटच्या पानावर स्वतःच्या शब्दांत लिहून काढावे.