सायलेन्सर चोरीचे सीसीटीव्ही चित्रीकरण न्यायालयात टिकेल असे कसे जपावे

मारुती इको गाडीचे सायलेन्सर चोरीला जाण्याचे प्रकार पुणे-पिंपरी परिसराला नवे नाहीत. चोराला त्या नळकांड्याचे मोल नसते. त्यातील कॅटॅलिटिक कन्व्हर्टर या धूर स्वच्छ करणाऱ्या भागाच्या जाळीवर प्लॅटिनम, पॅलेडियम आणि रोडियम या धातूंचा थर असतो, आणि ती जाळी फोडून मिळणारी भुकटी ‘माती’ या नावाने विकली जाते. अशी चोरी झाली की सोसायट्या घाईने नवे कॅमेरे बसवतात. माझ्या अनुभवात मात्र खटला कोसळतो तो कॅमेरा कमी पडल्यामुळे नव्हे, तर चोरीनंतरच्या पहिल्या दोन दिवसांत चित्रीकरण कसेही हाताळले गेल्यामुळे.

कॅमेरा आणि खुणा

चेहरा हवा असेल तर कॅमेरा आठ-नऊ फुटांवर बसवावा. त्याहून फार वर लावलेल्या कॅमेऱ्यात फक्त टोप्या दिसतात. नंबर प्लेटसाठी फाटकावर अरुंद दृष्टिक्षेत्राचा स्वतंत्र कॅमेरा ठेवावा, कारण रात्री इन्फ्रारेड प्रकाश प्लेटवरून परावर्तित होऊन आकडे पांढरे पडतात आणि शटरचा वेग वाढवल्याशिवाय ते वाचता येत नाहीत. रात्री स्वतःची गाडी फाटकातून आत आणून दुसऱ्या दिवशी थेट दृश्यातून नव्हे, तर साठवलेल्या चित्रीकरणातून क्रमांक वाचून पाहावा. कॅमेऱ्याचा रोख शेजाऱ्यांच्या दारा-खिडक्यांवर असू नये. सायलेन्सर, चाके आणि बॅटरी यांवर गाडीचा क्रमांक कोरून घ्यावा, कारण सुट्या भागांना चासी क्रमांक नसतो आणि भंगारवाल्याकडे सापडलेला सायलेन्सर तुमचाच आहे हे अन्यथा सिद्ध करता येत नाही.

चोरी लक्षात आल्यावर

गाडी हलवू नये, खाली पडलेले नट-बोल्ट उचलू नयेत, आणि ११२ वर कळवावे.

चित्रीकरण जपणे

सर्वाधिक अडचणी याच टप्प्यावर येतात आणि सर्वाधिक चुकीचे सल्लेही याच टप्प्यावर मिळतात. पहिला शत्रू म्हणजे हार्ड डिस्क. दोन मेगापिक्सेलचा कॅमेरा सेकंदाला दोन मेगाबिट या दराने सतत चालला तर दिवसाला सुमारे २१ जीबी जागा व्यापतो; म्हणजे चार कॅमेऱ्यांची एक टीबीची डिस्क अकरा-बारा दिवसांत भरते आणि डीव्हीआर, म्हणजे चित्रीकरण साठवणारे यंत्र, सर्वांत जुने चित्रीकरण पुसू लागतो. काही चोर आतली जाळी काढून रिकामा सायलेन्सर परत बसवतात, त्यामुळे चोरी उशिरा लक्षात येते. अशा वेळी पोलीस येईपर्यंत थांबणे परवडत नाही. त्याच दिवशी प्रत काढावी.

प्रत डीव्हीआरच्या स्वतःच्या सोयीतून, मूळ स्वरूपात, नव्या पेनड्राइव्हवर घ्यावी आणि ती पाहण्यासाठी लागणारे प्लेअरही त्याच वेळी उतरवून घ्यावे. मॉनिटरसमोर मोबाइल धरून केलेले चित्रीकरण पोलिसांना देऊ नये. त्यात डीव्हीआरची वेळ अर्धवट दिसते, मूळ फाइलशी त्याचा संबंध जोडता येत नाही, आणि बचाव पक्षाला पहिला प्रश्न तिथेच सापडतो. व्हॉट्सअॅपवरून पाठवलेला व्हिडिओही तितकाच निरुपयोगी आहे, कारण पाठवताना तो आकुंचित होतो आणि मूळ फाइल राहत नाही. प्रत घेण्याआधी डीव्हीआरच्या पडद्यावरील घड्याळ आणि मोबाइलवरील वेळ एकाच छायाचित्रात घ्यावी. डीव्हीआरचे घड्याळ मागेपुढे असणे नेहमीचेच असते. फरक नोंदवलेला असेल तर त्याचा खुलासा होतो. नंतर कोणी घड्याळ दुरुस्त केले असेल तर मात्र संशय कायमचा चिकटतो. म्हणून घड्याळाला हात लावू नये.

प्रतीच्या प्रत्येक फाइलचे हॅश मूल्य लगेच काढावे. एसएचए-२५६ पद्धतीने मिळणारी ही अक्षर-अंकांची ओळ फाइलमध्ये किंचित बदल झाला तरी बदलते, आणि विंडोज संगणकात ती काढण्याची सोय आधीपासूनच असते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत जे प्रमाणपत्र लागते, त्याच्या नमुन्यात डीव्हीआरचा मेक, मॉडेल, अनुक्रमांक आणि हे हॅश मूल्य लिहावे लागते. प्रमाणपत्राचे दोन भाग आहेत. भाग अ ज्याच्या ताब्यात यंत्रणा आहे त्याने भरायचा, म्हणजे बंगल्याचा मालक किंवा सोसायटीने नेमलेला पदाधिकारी. भाग ब तज्ज्ञाने भरायचा, आणि त्यासाठी तपास अधिकाऱ्याला लेखी आठवण करून द्यावी. ‘नंतर पाहू’ हे उत्तर स्वीकारू नये.

हे कागदी सोपस्कार नाहीत. जालना विधानसभा मतदारसंघातील निवडणूक वादातून उभ्या राहिलेल्या अर्जुन खोतकर विरुद्ध कैलास गोरंट्याल या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली, जुन्या भारतीय पुरावा कायद्याच्या कलम ६५ब संदर्भात, स्पष्ट केले की मूळ उपकरण मालकाने स्वतः साक्षीत हजर करून सिद्ध केले नाही तर प्रमाणपत्र अनिवार्य आहे. म्हणूनच शक्य असेल तेव्हा नवी डिस्क विकत घेऊन बसवावी आणि जुनी डिस्क पंचनाम्याखाली, मोहोरबंद करून, पोचपावती घेऊन पोलिसांना द्यावी. एका डिस्कचा खर्च वाचवण्यासाठी संपूर्ण खटला पणाला लावणे मला मान्य नाही.

आणखी एक कळकळीची सूचना. चोराचा चेहरा सोसायटीच्या गटांवर फिरवू नये. रखवालदाराने चोराला पाहिले असेल तर पुढे ओळख परेड होऊ शकते, आणि छायाचित्र आधीच सर्वत्र फिरले असेल तर त्या ओळखीला किंमत उरत नाही. शिवाय चेहरा ओळखण्यात चूक झाली तर एका निरपराध माणसाच्या दारात जमाव उभा राहतो.

फिर्याद

हरवलेल्या वस्तूंची ऑनलाइन नोंद किंवा साधा तक्रार अर्ज म्हणजे फिर्याद नव्हे. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३०३(२) खाली एफआयआर नोंदवून घ्यावा आणि त्याची विनामूल्य प्रत मागावी. वर्कशॉपचे अंदाजपत्रक सोबत न्यावे, कारण ५,००० रुपयांपेक्षा कमी किमतीची चोरी आता अदखलपात्र ठरते, म्हणजे दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय पोलीस तपास करू शकत नाहीत, आणि मालकाने सहज सांगितलेला कमी आकडा तपासाचा दरवाजाच बंद करतो. चोरीचा माल घेणाऱ्यासाठी कलम ३१७ आहे. तुमचा कोरलेला क्रमांक तिथे उपयोगी पडतो. ठाण्यात नोंद नाकारली तर तक्रार लेखी स्वरूपात टपालाने पोलीस अधीक्षकांकडे, आयुक्तालयाच्या हद्दीत उपायुक्तांकडे, पाठवावी, आणि त्यानंतरही दखल घेतली गेली नाही तर दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज करावा.

शेजारच्या दुकानांचे चित्रीकरण स्वतः गोळा करू नये. कोणत्या कॅमेऱ्यात चोरांचा मार्ग दिसतो त्याची यादी तपास अधिकाऱ्याला त्याच दिवशी द्यावी, आणि दुकानदारांना ते पुसू नये एवढीच विनंती करावी.

साक्षीपर्यंत

साक्षीचे समन्स येण्यास वर्षे लागू शकतात. प्रत, हॅशची नोंद, घड्याळाचे छायाचित्र, पोचपावती आणि डीव्हीआरचे बिल एकाच पाकिटात ठेवावे, आणि सोसायटीचा पदाधिकारी बदलला तरी भाग अ वर सही करणाऱ्याचा पत्ता तपास अधिकाऱ्याकडे अद्ययावत ठेवावा. जप्त झालेला सायलेन्सर खटला संपेपर्यंत ठाण्यात पडून राहावा असे नाही. न्यायालयात अर्ज करून तो सुपूर्दनाम्यावर, म्हणजे मागितल्यावर हजर करण्याच्या लेखी हमीवर, परत मिळू शकतो, मात्र आदेशातील अटी वाचल्याशिवाय तो गाडीला बसवू नये.