२०२७ची अंतराळ दिनदर्शिका कशी करावी : तारखा नेमक्या कुठे चुकतात

शाळेच्या भिंतीवर किंवा वाचनालयात लावायची अंतराळ दिनदर्शिका करायला चित्रं जमवावी लागतात. ते काम एका संध्याकाळचं. खरा वेळ खातात त्या तारखा. शिवजयंती तारखेने की तिथीने, हा वाद आपल्याला पाठ आहे. अंतराळविज्ञानाच्या इतिहासातही तसेच घोळ आहेत, पण तिथे एकाने चुकीची तारीख छापली की पुढचे दहाजण तीच उतरवून घेतात. इथे २०२७ साल धरून पद्धत सांगितली आहे. वर्ष बदललं तरी पद्धत तीच राहते.

१. तक्ता आखा

वहीत चालेल, संगणकावर उत्तम. रकाने असे ठेवा : वर्ष, महिना, दिवस, वेळ, ती वेळ कुठली, नेमकं काय घडलं, २०२७मध्ये किती वर्षं पूर्ण, माहिती कुठून घेतली.

वर्ष, महिना आणि दिवस हे तीन वेगळे रकाने हवेतच. एक्सेलमधली तारीख १ जानेवारी १९००पासून सुरू होते. त्याआधीची तारीख टाकली तर तो ती नुसता मजकूर समजतो आणि क्रमवारी लावताना सगळं विस्कटतं. शिवाय ४/१०/१९५७ ही नोंद अमेरिकी मांडणीच्या संगणकावर १० एप्रिल होऊन बसते. तीन रकाने केले की दोन्ही कटकटी मिटतात. आधी महिना, मग दिवस अशी क्रमवारी लावायची.

२. गोल आकड्यांची वर्षं काढा

२०२७मधून ३०, ४०, ५०, ६०, ७०, १५०, ३०० वजा करा आणि त्या त्या वर्षात काय घडलं ते शोधा. हाती बरंच लागतं : स्पुतनिक या पहिल्या कृत्रिम उपग्रहाची ७० वर्षं (१९५७), दोन्ही व्हॉयेजर यानांच्या उड्डाणांची ५० (१९७७), १९८७अ या अतिनवताऱ्याची (स्फोट होऊन झळाळलेल्या ताऱ्याची) ४०, कल्पना चावलांच्या पहिल्या उड्डाणाची ३० (१९९७), मंगळाच्या दोन्ही चंद्रांच्या शोधाची १५० (१८७७) आणि न्यूटनच्या मृत्यूची ३०० (१७२७).

‘५० वर्षं पूर्ण’ आणि ‘५०वं वर्ष’ यांत एका वर्षाचा फरक आहे. व्हॉयेजरचं ५०वं वर्ष २०२६च्या ऑगस्ट-सप्टेंबरातच सुरू झालेलं असतं. दिनदर्शिकेत कायम ‘पूर्ण’ लिहा.

वर्षभरात ३५ ते ४० नोंदी पुरेत. त्याहून जास्त घातल्या तर चौकटी भरतात आणि वाचत कुणी नाही. ऑगस्ट आणि ऑक्टोबरात गर्दी होते, तिथे कात्री लावावीच लागते.

३. घटना कोणती ते एका ओळीत लिहा

‘प्लूटोचा शोध’ एवढंच लिहिलंत तर तारखा तीन निघतात. क्लाइड टॉम्बॉ यांनी छायाचित्रं घेतली २३ आणि २९ जानेवारी १९३०ला, त्यांची तुलना करताना सरकलेला ठिपका दिसला १८ फेब्रुवारीला, आणि बातमी जाहीर झाली १३ मार्चला. शोध म्हणायचा तर १८ फेब्रुवारी.

१९८७अचंही तसंच. स्फोटातून निघालेले न्यूट्रिनो हे सूक्ष्म कण पृथ्वीवर पोचले २३ फेब्रुवारीला, दुर्बिणीवाल्यांना तारा दिसला २४ला. यानांच्या बाबतीत उड्डाण, कक्षाप्रवेश आणि अवतरण या तीन वेगळ्या नोंदी आहेत. चंद्रयान-३ निघालं १४ जुलै २०२३ला, चंद्राच्या कक्षेत गेलं ५ ऑगस्टला, उतरलं २३ ऑगस्टला. आधी ठरलेल्या तारखांवर विसंबू नका. चंद्रयान-२साठी १५ जुलै २०१९ ठरली होती, यान उडालं २२ जुलैला.

व्हॉयेजर-२ हे व्हॉयेजर-१च्या आधी निघालं : २० ऑगस्ट आणि ५ सप्टेंबर १९७७. ही छपाईची चूक समजून मुद्रितशोधक आकडे उलटे करतात, म्हणून नोंदीशेजारी ‘बरोबर आहे’ असा शेरा मारून ठेवा.

४. घड्याळ तपासा

सर्वांत जास्त चुका इथेच. यूटीसी म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. तिच्यात साडेपाच तास मिळवले की आपली वेळ. सोपा नियम : यूटीसी १८:३० किंवा त्यापुढे असेल तर भारतात तारीख उलटलेली असते.

स्पुतनिक ४ ऑक्टोबर १९५७ रोजी यूटीसी १९:२८ला उडाला. मॉस्कोत रात्रीचे साडेदहा होत आले होते, आपल्याकडे ५ तारीख लागून मध्यरात्रीचे १२:५८ वाजले होते. कल्पना चावला १९ नोव्हेंबर १९९७ला यूटीसी १९:४६ला निघाल्या, म्हणजे भारतात २० नोव्हेंबर, पहाटे १:१६. अपोलो ११चं यान चंद्रावर टेकलं २० जुलै १९६९, यूटीसी २०:१७. आपल्याकडे २१ जुलैच्या पहाटेचे १:४७. आर्मस्ट्राँगचं पाऊल पडलं तेव्हा अमेरिकेत २० तारीख होती, पण यूटीसीने २१ जुलै, ०२:५६, आणि भारतात सकाळचे ८:२६.

मग छापायचं काय? मोठ्या अक्षरात यूटीसीची तारीख, खाली बारीक अक्षरात भारतीय वेळ. स्पुतनिक ५ ऑक्टोबरच्या चौकटीत ढकलू नका. जागतिक अंतराळ सप्ताहच ४ ऑक्टोबरपासून सुरू होतो. तो १०ला संपतो, कारण देशांनी अवकाश कसं वापरावं हे ठरवणारा बाह्य अवकाश करार १० ऑक्टोबर १९६७ला अमलात आला. त्या करारावर सह्या सुरू झाल्या २७ जानेवारी १९६७ला आणि त्याच संध्याकाळी केप केनेडीवर अपोलो १च्या आगीत तीन अंतराळवीर गेले. ही आग यूटीसीने २७लाच लागली, भारतात मात्र २८ची पहाट उजाडत होती. दोन्ही नोंदी २७च्या चौकटीत येतात. मृत्यूची नोंद वेगळ्या रंगात, चित्राविना ठेवा.

अमेरिकी वेळ हाताशी असेल तर भारतीय वेळेसाठी पूर्व किनाऱ्याच्या हिवाळी वेळेत साडेदहा तास मिळवा, उन्हाळी वेळेत साडेनऊ.

५. जुन्या तारखांचं पंचांग ओळखा

१५८२मध्ये कॅथलिक देशांनी ग्रेगोरियन दिनदर्शिका, म्हणजे आज आपण वापरतो ती, घेतली. इंग्लंडने ती १७५२मध्ये घेतली, रशियाने १९१८मध्ये. मधल्या काळात जुनी ज्युलियन तारीख मागे असे : १७०० सालापर्यंत १० दिवस, अठराव्या शतकात ११, एकोणिसाव्यात १२, विसाव्यात १३. रॉकेटविद्येचे रशियन प्रणेते त्सिओल्कोव्स्की यांचा जन्म रशियन कागदांत ५ सप्टेंबर १८५७ दिसतो. १२ मिळवले की १७ सप्टेंबर. २०२७मध्ये १७० वर्षं.

न्यूटनच्या बाबतीत वर्षही बदलतं. इंग्लंडमधलं अधिकृत वर्ष तेव्हा २५ मार्चला सुरू होई, त्यामुळे मृत्यूची नोंद २० मार्च १७२६ अशी सापडते. आपल्या हिशेबाने ती ३१ मार्च १७२७. त्रिशतकी नोंद बुधवारी, ३१ मार्च २०२७ला टाका. ‘गॅलिलिओ गेला त्याच वर्षी न्यूटन जन्मला’ हे वाक्य मात्र गाळा. ते जुळतं कारण एकाची तारीख नव्या पद्धतीने आणि दुसऱ्याची जुन्या पद्धतीने घेतलेली असते. ग्रेगोरियन हिशेबाने गॅलिलिओचा मृत्यू ८ जानेवारी १६४२चा, न्यूटनचा जन्म ४ जानेवारी १६४३चा.

६. दुपारी सुरू होणारा दिवस

१९२५च्या आधी खगोलशास्त्रज्ञांचा दिवस मध्यरात्री नाही, दुपारी बाराला बदलायचा. रात्रभराची निरीक्षणं एकाच तारखेखाली यावीत म्हणून. असाफ हॉल यांना मंगळाचा चंद्र डायमॉस सापडल्याची त्या काळची नोंद ‘११ ऑगस्ट १८७७, १४ तास ४० मिनिटं’ अशी आहे. म्हणजे ११च्या दुपारनंतर १४ तास ४० मिनिटं : वॉशिंग्टनमधली १२ ऑगस्टची पहाट, २:४०. दुसऱ्या चंद्राची, फोबॉसची नोंद १७ ऑगस्टची, खरी तारीख १८. जुन्या नोंदीत तासांचा आकडा १२ किंवा जास्त असेल तर पुढचा दिवस धरायचा. शंका आली तर तो तारा किंवा ग्रह त्या वेळी रात्रीच्या आकाशात होता का ते पाहा, उत्तर लगेच मिळतं.

७. विजयदुर्गाची नोंद जपून

१८ ऑगस्टच्या चौकटीत फोबॉसच्या शेजारी आपल्याकडे हमखास हेलियम येतो, आणि सोबत इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ लॉकयर यांनी त्या दिवशी विजयदुर्गावरून हेलियम शोधल्याचं वाक्य. १८ ऑगस्ट १८६८चं खग्रास ग्रहण खरं. ते फ्रेंच खगोलशास्त्रज्ञ ज्यूल जान्सेन यांनी गुंटूरहून पाहिलं आणि सूर्याच्या कडेवरच्या ज्वाळांच्या वर्णपटात (प्रकाश रंगांत फोडला की दिसणाऱ्या पट्ट्यात) तेजस्वी रेषा टिपल्या. हेलियमचा माग अशाच रेषांतून लागला. नॉर्मन लॉकयर तेव्हा इंग्लंडमध्ये होते. त्यांनी ग्रहणाविना तसाच वर्णपट पाहिला २० ऑक्टोबर १८६८ला. विजयदुर्गावर ते आले २२ जानेवारी १८९८च्या ग्रहणाला. तोवर रसायनशास्त्रज्ञ रॅम्झी यांनी पृथ्वीवरचा हेलियम वेगळा केला होता, १८९५मध्ये. म्हणून दोन नोंदी करा : १८ ऑगस्ट गुंटूर, २२ जानेवारी विजयदुर्ग. किल्ल्याचा मान कमी होत नाही. आणि १८९८च्या चौकटीत जागा उरली तर पुण्याच्या वेधशाळेचे कावसजी नायगमवाला यांनी तेच ग्रहण जेऊरहून पाहिलं, हेही घाला.

८. छपाई

ए-३ आकाराचे १२ आडवे कागद, दर महिन्याला एक चित्र. नोंद १२ शब्दांत बसवा. अक्षर १० पॉइंटाहून लहान नको, दोन हातांवरून वाचता येत नाही. पहिली प्रत एकानेच तपासू नका. एकाने तक्ता मोठ्याने वाचावा, दुसऱ्याने कागदावर बोट ठेवून आकडे जुळवावेत. वार वेगळे तपासा : २० ऑगस्ट २०२७ शुक्रवार, ४ ऑक्टोबर सोमवार. हे दोन जुळले नाहीत तर मांडणीचा साचा दुसऱ्या वर्षाचा आहे.