परी माणसांच्या जगात येते तेव्हा: अशी गोष्ट कशी लिहावी

इंग्लंडच्या पूर्वेला सफोक परगण्यात वुलपिट नावाचं गाव आहे. बाराव्या शतकात, सुगीच्या दिवसांत, तिथल्या कापणीवाल्यांना लांडग्यांसाठी खणलेल्या खड्ड्यांपाशी दोन मुलं सापडली. भाऊ आणि बहीण. कातडी हिरवी, कपडे कुणी कधी न पाहिलेले, बोली कुणालाच न कळणारी. राल्फ आणि विल्यम या त्या काळच्या दोन बखरकारांनी ही हकिकत आपापल्या परीनं लिहून ठेवली आहे. राल्फ सांगतो की मुलांपुढे पाव ठेवला, आणखी काय काय ठेवलं. भुकेनं जीव कासावीस झालेला, पण दोघं कशाला हात लावेनात. मग घरात देठांसकट कापलेल्या शेंगा आल्या. मुलांनी त्या ओढून घेतल्या आणि दाणे शोधायला देठ चिरले. देठ पोकळ निघाले तशी दोघं रडायला लागली. शेवटी कुणीतरी शेंग सोलून दाखवली.

परी किंवा एल्फ (युरोपच्या लोककथांतला परीसारखाच जीव) माणसांत येण्याची गोष्ट लिहू पाहणाऱ्या प्रत्येकाला मी आधी हा प्रसंग सांगते. यात जादू औषधालाही नाही, तरी ही मुलं इथली नाहीत याची खात्री पटते, कारण दाणा कुठे असतो एवढंही त्यांना ठाऊक नाही. पलीकडून आलेल्या जिवाला काय काय करता येतं याची यादी कुणीही करील. त्याला इथे काय जमत नाही ते शोधलंत की गोष्ट सापडते. पुढच्या सगळ्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

पायरी १: दार कुठे आहे आणि कधी उघडतं ते ठरवा

बऱ्याच कच्च्या मसुद्यांत परी लख्ख प्रकाशातून अवतरते. प्रकाशाला पत्ता नसतो, म्हणून वाचकाला कुठे उभं राहावं ते कळत नाही. लोककथांतल्या, दोन जगांमधल्या दारांना मात्र पत्ता असतो आणि वेळही असते.

आयर्लंडमध्ये जुने मातीचे गोल बांध शेतांत अजून दिसतात. हजारभर वर्षांपूर्वीच्या वस्त्यांचे ते अवशेष. लोक त्यांना परींचे कोट, म्हणजे किल्ले, म्हणतात. एकट्या उभ्या असलेल्या काटेरी हॉथॉर्नच्या झाडाला शेतकरी कोयता लावत नाहीत. 1999 मध्ये क्लेअर परगण्यात नव्या महामार्गाच्या आड असंच एक झाड येत होतं. एका कथेकऱ्यानं आवाज उठवला आणि ते झाड राखून रस्ता गेला. दाराची वेळ म्हणाल तर साविनचा सण, 31 ऑक्टोबरची रात्र: उन्हाळा सरलेला, हिवाळा लागायचा.

आइसलंडमध्ये एल्फना ‘लपलेले लोक’ म्हणतात. ते खडकांत राहतात, माणसांसारखेच दिसतात, गुरं पाळतात, आणि वर्ष संपतं त्या रात्री बिऱ्हाड बदलतात. त्या रात्री घरची बाई घराभोवती फिरून म्हणायची: ज्यांना यायचं त्यांनी यावं, ज्यांना जायचं त्यांनी जावं, मला आणि माझ्यांना इजा न करता. हे वाक्य वहीत लिहून ठेवा. त्यात भीती आहे, अगत्य आहे आणि शेजारधर्मही आहे. तुमच्या गोष्टीतल्या माणसांनाही असं एखादं पिढीजात वाक्य द्या. मग दार किती जुनं आहे ते वेगळं सांगावं लागणार नाही.

धड इकडची नाही, धड तिकडची नाही अशी जागा शोधा: उंबरा, गावाची शीव, ओहोटीनंतरची ओली वाळू. वेळही तशीच. आणि एकदा ठरवलेलं दार सोयीप्रमाणे हलवू नका.

पायरी २: तिचं जमणं-न जमणं लिहून काढा

या पायरीला सगळ्यात जास्त वेळ द्या. मी तर आठवडा द्या म्हणेन.

एक कागद घ्या आणि तुमच्या पात्राला ज्यांचा अर्थच लागणार नाही अशा दहा साध्या गोष्टी लिहा. मोबाइल, विमान, लिफ्ट पहिल्या दमात सुचतील, त्या खोडा. त्या आपल्या आजोबांनाही एकदा नव्या होत्या. पलीकडच्या जिवाला आपल्या जुन्यातल्या जुन्या गोष्टी कळायला नकोत: म्हातारपण, उसनवारी, आडनाव, सुतक, कुणाला तरी बरं वाटावं म्हणून बोललेलं खोटं.

वेल्समधली एक कथा पाहा. ल्लिन अ व्हान व्हाख नावाचं तळं. गुरं चारणाऱ्या एका विधवेच्या मुलाला पाण्यावर बसून केस विंचरणारी बाई दिसते. तो तिला जवळचा पाव देऊ करतो. ती म्हणते, तुझा पाव फार कडक, मी अशी हाती लागायची नाही. दुसऱ्या दिवशी तो न भाजलेलं पीठ नेतो. तेही तिला चालत नाही. तिसऱ्या दिवशी अर्धकच्चा पाव नेतो तेव्हा ती येते. अर्धं भाजलेलं, अर्धं कच्चं: दोन जगांमधलं अंतर पिठाच्या एका गोळ्यात मोजलं आहे.

पुढे लग्न होतं. तिचा बाप आंदण देतो, एका श्वासात ती मोजील तेवढी गुरं. ती मोजते, एक, दोन, तीन, चार, पाच; पुन्हा एक, दोन, तीन, चार, पाच; दम संपेपर्यंत. तिचं मोजणं पाचाशी वळतं, आणि तेवढ्यानं ती आपल्याला वेगळी दिसते. नंतर गावातल्या एका लग्नात ती रडते आणि मयताला हसते. नवरा कारण विचारतो तेव्हा सांगते: लग्न करणाऱ्यांचा त्रास आता सुरू झाला, आणि मेलेल्याचा संपला. तिचं काहीही चुकलेलं नाही. फक्त हिशेब दुसऱ्या टोकाकडून मांडलेला आहे.

आता हे आपल्या वाक्यांत उतरवून पाहू. माझ्याकडे येणाऱ्या मसुद्यांत साधारण असं असतं: ‘शहरातील उंच इमारती पाहून परी थक्क झाली. तिच्या जगात असे काहीच नव्हते.’ हे वाचून मनात काहीच राहत नाही. त्याऐवजी असं लिहा: ‘ती दाराशी थांबली. उंबऱ्याबाहेर चपलांचे पाच जोड होते. ती खाली बसली, एकेका जोडावरून हात फिरवला आणि हलक्या आवाजात विचारलं, ही पाचही माणसं एकाच दिवशी गेली?’ वाचकानं आजवर हजारदा ओलांडलेला तो चपलांचा ढीग त्याला पहिल्यांदाच दिसतो. परी माणसांत आणायची ती यासाठी.

पायरी ३: एक अट घाला आणि ती नकळत मोडू द्या

तळ्यातल्या त्या बाईची अट होती: विनाकारण तीन तडाखे बसले की मी परत जाईन. तडाखे कसले, तर एकदा बाहेर निघायला उशीर होतोय म्हणून खांद्यावर हातमोज्यांनी मारलेली चापटी, लग्नात रडली तेव्हा एक, मयताला हसली तेव्हा शेवटची. नवरा दुष्ट नाही, म्हणूनच गोष्ट आतवर लागते.

मराठी वाचकाला हे ओळखीचं आहे. उर्वशीनं पुरूरव्याला अट घातली होती की तू मला विवस्त्र दिसता कामा नये. गंधर्वांनी मेंढ्या पळवल्या, तो तसाच उठला आणि वीज चमकली. ऋग्वेदाच्या दहाव्या मंडलात त्यांचा संवाद आहे, शतपथ ब्राह्मणात कथा. गंगेनं शंतनूला प्रश्न विचारायची बंदी केली होती. या सगळ्या अटी घरातल्या आहेत, रोजच्या जगण्यात सहज मोडतील अशा. ‘जादूचा मणी हरवू नकोस’ ही अट फार हलकी, कारण मण्याकडे लक्ष ठेवता येतं. रोजच्या वागण्यावर किती लक्ष ठेवणार?

पायरी ४: काळाचा हिशेब

हे थोडक्यात. आयरिश वीर ओशीन तीर ना नोगमध्ये, म्हणजे चिरतरुणांच्या देशात, राहून आला तेव्हा इथे 300 वर्षं उलटली होती. घोड्यावरून पडून जमिनीला टेकताच तो जख्ख म्हातारा झाला. तुमच्या गोष्टीत तिकडचा दिवस म्हणजे इकडचं किती, ते एका ओळीत लिहून भिंतीवर लावा. वाचक हे मोजतो.

पायरी ५: माणसांची भीती खरी ठेवा

गोंडस परींच्या नादात हे राहून जातं. परींनी आपलं माणूस नेलं आणि जागी दुसरंच काही ठेवलं, या समजुतीनं माणसं मेली आहेत. 1895 च्या मार्चमध्ये आयर्लंडच्या टिपरेरी परगण्यात ब्रिजेट क्लिअरी नावाची 26 वर्षांची शिवणकाम करणारी बाई आजारी पडली. ही आपली बायको नव्हे, असं नवऱ्यानं धरलं. आधी काढे पाजले, मग जाळून मारलं. त्यानंतर तो काळ्या मुठीची सुरी घेऊन जवळच्या परींच्या कोटापाशी रात्री थांबला: खरी ब्रिजेट पांढऱ्या घोड्यावरून येईल, दोर कापून तिला सोडवीन म्हणून. सदोष मनुष्यवधाबद्दल त्याला शिक्षा झाली.

तुमच्या गोष्टीतलं गाव परीला फुलं घेऊन सामोरं जात असेल, तर एकदा या बाईची आठवण ठेवून ते पान पुन्हा लिहा. गावातलं एक तरी माणूस घाबरलेलं हवं, आणि त्याचं घाबरणं वाचकाला पटायला हवं.

पायरी ६: मराठीत तिला काय म्हणायचं

‘परी’ हा शब्द आपल्याकडे फारसीतून आला आणि इतका मुरला की लेकीलाही आपण तेच म्हणतो. त्यामुळे त्यात लाड आहे, धाक नाही. धाक हवा असेल तर शब्द टाळा आणि माणसं दबकून म्हणतात तसं म्हणा: ‘ते लोक’, ‘पलीकडची’. आयर्लंड-स्कॉटलंडमध्येही थेट नाव न घेता ‘चांगले लोक’ म्हणायची रीत होती. एल्फला ‘एल्फ’च राहू द्या. यक्ष म्हटलंत की कुबेर आणि अलकानगरी मागोमाग येते आणि वाचक वेगळ्याच कथेत शिरतो. उलट बाजूनंही तेच: गोष्ट आपल्या नदीकाठी घडवायची असेल, तर साती आसरांना टोकदार कान लावू नका. शेंदूर लावलेल्या त्या सात दगडांची स्वतःची शिस्त आहे, ती नीट विचारून घ्या.

पंखांचंही ऐका. परींना ते फार उशिरा, चित्रकारांच्या हातून मिळाले. जुन्या कथांतली परी बहुधा माणसाएवढी, पायी किंवा घोड्यावर येते. दाराशी उभी राहिली तर पटकन ओळखू येत नाही, आणि लिहिणाऱ्याला ते फार उपयोगी पडतं.

पायरी ७: जाताना काय नेते, राहिली तर काय गमावते

तळ्यातली बाई तिसऱ्या तडाख्यानंतर निघाली तेव्हा तिनं एकेका जनावराला नावानं हाक मारली. गुरं निघाली. कापून आकड्याला टांगलेलं काळं वासरूसुद्धा जिवंत होऊन मागे गेलं. नांगराला जुंपलेले चार बैल नांगरासकट तळ्यात उतरले, आणि जमिनीवर पाण्यापर्यंत नांगराचा तास, म्हणजे चर, उमटला. निरोपाचं लांब भाषण लिहायचा मोह झाला की तो तास आठवा.

वुलपिटचा मुलगा लवकरच वारला. मुलगी राहिली. पाव खायला शिकली, मग सगळंच, आणि तिच्या अंगाचा हिरवा रंग उतरत गेला. मोठेपणी ती एका सरदाराच्या घरी कामाला होती आणि विचारलं की आपल्या सूर्य नसलेल्या, संधिप्रकाशातल्या देशाबद्दल सांगायची.

पहिला सराव म्हणून एवढंच लिहा, एका पानात: तिचा रंग पूर्ण उतरला तो दिवस. सकाळची वेळ, स्वयंपाकघर, समोर सोलायला शेंगांची टोपली. रंग गेल्याचं आधी कुणाच्या लक्षात आलं, आणि त्यानं ते तिला सांगितलं का?