ऐन उन्हाळ्यात रतनवाडी ते हरिश्चंद्रगड: कात्राबाईच्या खिंडीतून दोन दिवसांची पायवाट

अकोले तालुक्यातील रतनवाडीहून कात्राबाईची खिंड ओलांडून कुमशेत आणि पाचनईमार्गे हरिश्चंद्रगडावर जाणारी वाट हिवाळ्यात बरीच गजबजलेली असते. एप्रिल-मे महिन्यांत मात्र तिथे तासन्‌तास चालूनही माणूस भेटत नाही. ही शांतता अनुभवण्यासाठी उन्हाळ्यात जरूर जावे, पण सगळी आखणी पाण्यावरून करावी. कोठे थांबायचे, केव्हा निघायचे आणि पाठीवर किती ओझे घ्यायचे, या तिन्ही प्रश्नांची उत्तरे पाण्यावरूनच ठरतात.

निघण्यापूर्वी

रतनवाडी किंवा कुमशेतमधील माहीतगार वाटाड्या आधीच ठरवून ठेवावा. उन्हाळ्यात गवत वाळून झोपलेले असते आणि गुरांच्या येण्याजाण्याने पडलेल्या ढोरवाटा मुख्य वाटेइतक्याच ठळक दिसतात, त्यामुळे नवख्या माणसाला चकवा लागण्याची शक्यता वाढते. त्याहून महत्त्वाचे म्हणजे कोणता झरा आटला आणि कोणत्या टाक्यात अजून पिण्याजोगे पाणी आहे, हे त्या आठवड्यात तिथून गेलेल्या स्थानिकालाच ठाऊक असते. नकाशावरची पाण्याची खूण मे महिन्यात भरवशाची मानू नये. वाटाड्याच्या मेहनतीचा योग्य मोबदला आधी बोलून ठरवावा आणि तो देताना घासाघीस करू नये.

हा सारा परिसर १९८६ साली घोषित झालेल्या कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात येतो. प्रवेशाच्या नोंदीचे आणि मुक्कामाचे त्या वेळचे नियम वनखात्याच्या नाक्यावर विचारून घ्यावेत. मोबाइलला बराच वेळ रेंज नसते, म्हणून घरच्यांना मार्ग, वाटाड्याचा क्रमांक आणि परतण्याची वेळ लिहून द्यावी.

सामान

प्रत्येकाने किमान चार लिटर पाणी स्वतःच्या पाठीवर घ्यावे. सोबत ओआरएसची पाकिटे ठेवावीत; ती नसतील तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ विरघळवावे (चमचा चहाचा). वाटेत भरलेले पाणी फडक्यातून गाळून, उकळून किंवा क्लोरीनचे थेंब टाकूनच प्यावे. अंगात पूर्ण बाह्यांचा सैल सुती सदरा, डोक्याला कान-मान झाकणारी टोपी किंवा उपरणे आणि पायांत चांगली पकड असलेले, घोट्यापर्यंतचे बूट असावेत. मोज्यांत शिरणारी कुसळे आणि दगडाखाली दडून बसणारे विषारी फुरसे साप या दोन्हींसाठी पूर्ण लांबीची विजार बरी. अत्तर किंवा उग्र वासाचे तेल लावू नये, कारण येथील कड्यांवर आग्यामोहोळे असतात. विजेरी मात्र विसरू नये.

पहिला दिवस: रतनवाडी ते कुमशेत

आदल्या रात्री रतनवाडीत मुक्काम करून पहाटे पाचच्या सुमारास विजेरीच्या उजेडात चालू लागावे. अमृतेश्वराचे प्राचीन मंदिर मागे टाकून वाट जंगलात शिरते. पुढे फाट्यावर रतनगडाची वाट सोडून कात्राबाईच्या खिंडीकडे वळावे. खिंडीचा चढ ऊन तापण्याआधी संपवणे हे या दिवसाचे मुख्य काम आहे. तहान लागण्याची वाट न पाहता दर पंधरा-वीस मिनिटांनी दोन-तीन घोट घेत राहावे. अर्धे पाणी संपले आणि चढ अर्ध्याहून अधिक उरला असेल तर तिथूनच मागे फिरावे. खिंडीपलीकडच्या उतारावर सुटा मुरूम आणि वाळका पाला यांमुळे घसारा होतो, तेव्हा पाऊल आडवे टाकावे.

अकरापर्यंत कुमशेत गाठून उरलेला दिवस सावलीत काढावा. आधी सांगून ठेवल्यास गावात जेवणाची सोय होऊ शकते. गावातले पाणी जपून वापरावे; मे महिन्यात इथल्या बायकांना हंडाभर पाण्यासाठी किती चालावे लागते, हे ध्यानात ठेवून आंघोळीचा आग्रह धरू नये.

ऊन लागल्यास

डोके ठणकणे, मळमळ आणि पायात गोळे येणे ही पहिली लक्षणे दिसताच सावलीत बसून ओआरएस घ्यावे. माणूस असंबद्ध बोलू लागला, तोल जाऊ लागला किंवा अंग भट्टीसारखे तापले, तर तो उष्माघात समजावा. त्याला सावलीत आडवे करून कपडे सैल करावेत, अंगावर पाणी शिंपडून जोरात वारा घालावा आणि मान, काखा, जांघा ओल्या फडक्याने गार कराव्यात. शुद्ध नसलेल्या माणसाच्या तोंडात पाणी ओतू नये. रेंज मिळेल तिथे एकाला धाडून १०८ वर कळवावे. रुग्णाला एकटे सोडू नये.

दुसरा दिवस: कुमशेत ते गड

पुन्हा पहाटेच निघून, मुळा नदीच्या खोऱ्यातून पाचनई गाठावी व पाण्याच्या सगळ्या बाटल्या भरून घ्याव्यात. पाचनईतून कड्याच्या पोटाशी बिलगून वर जाणारी वाट तुलनेने सोपी आहे. तरीही उशीर झाला असेल तर गावातच थांबून चारनंतर चढावे. गडावर केदारेश्वराच्या गुहेत पिंडीभोवती थंडगार पाणी असते, पण ते पिण्यासाठी भरू नये. पिण्याचे टाके कोणते ते वाटाड्याला विचारावे.

गडाच्या पश्चिमेकडील कोकणकड्यावर संध्याकाळी जाताना आकाशाकडे लक्ष असू द्यावे. मे महिन्यात दुपारनंतर वळवाचे ढग झपाट्याने जमतात. गडगडाट ऐकू येताच कड्याची धार आणि एकटी झाडे सोडून तडक खाली सरकावे. शेकोटी, विडी-सिगारेट पूर्ण टाळावी. वाळल्या गवतावरची एक ठिणगी अख्खा डोंगर पेटवते आणि त्या वणव्यात जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांची अंडीही जळतात.

तिसऱ्या दिवशी सकाळी नऊच्या आत पाचनईला उतरावे. तिथून वाहने मोजकीच मिळतात, म्हणून राजूरपर्यंतची गाडी येतानाच सांगून ठेवावी आणि रेंज मिळताच घरी सुखरूप उतरल्याचे कळवावे.