लांब पल्ल्याच्या शिकारी रायफलसाठी हलका स्कोप निवडताना या चुका टाळा

दिवसभर चढउतारावर रायफल खांद्यावर वागवणाऱ्याला दोनशे ग्रॅमचा फरक संध्याकाळपर्यंत चांगलाच कळतो. त्यामुळे हलका स्कोप (रायफलवर बसवायची, नेम धरायची दुर्बीण) हवासा वाटणं साहजिक आहे. पण पेटीवर छापलेल्या वजनावरून ते वजन कुठून कमी केलं ते कळत नाही. ऑब्जेक्टिव्ह, म्हणजे पुढचं भिंग, लहान ठेवून, झूमचा पल्ला आवरून आणि न लागणाऱ्या सोयी वगळून वाचवलेले ग्रॅम फायद्याचे. ट्यूबची भिंत पातळ करून आणि आतली स्प्रिंग कमजोर ठेवून वाचवलेल्या ग्रॅमची किंमत पुढे झिरो, म्हणजे ठरावीक अंतरावर जुळवलेला नेम, हलून मोजावी लागते. परवाना, मोसम आणि त्या त्या प्रदेशाचा कायदा पाळला जातो असं गृहीत धरून फक्त स्कोपबद्दल बोलू.

वजन एकट्या स्कोपचं धरणं

२५.४ मिलिमीटर ट्यूबचा साधा ३-९×४० स्कोप (३ ते ९ पट मोठं दाखवणारा, पुढचं भिंग ४० मिलिमीटर) साधारण ३५० ते ४०० ग्रॅम भरतो. ३० मिलिमीटर ट्यूबचा ३-१५×४४ साधारण ५०० ते ७०० ग्रॅममध्ये येतो. स्पर्धेसाठी बनवलेला ५-२५×५६ सहज किलोच्या आसपास जातो. तुलना इथेच थांबली की चूक होते. समजा, ४८० ग्रॅमचा स्कोप घेतला, पण त्याला लोखंडी बेस (रायफलवर बसणारी पट्टी) आणि लोखंडी रिंगा (स्कोप धरणारी कडी) मिळून २५० ग्रॅम लागले, तर एकूण ७३० ग्रॅम झाले. ५६० ग्रॅमचा दणकट स्कोप, रायफलच्या अंगच्याच रेलवर ९० ग्रॅमच्या चांगल्या अ‍ॅल्युमिनियम रिंगांत बसवला, तर ६५० ग्रॅममध्ये काम होतं. वजन काट्यावर करा आणि तेही रिंगा, बेस, झाकणं, पाणसळ अशा सगळ्या सरंजामासकट.

हलक्या रायफलचा धक्का विसरणं

तेच काडतूस हलक्या रायफलमधून उडवलं की मागे बसणाऱ्या धक्क्याची ऊर्जा रायफलच्या वजनाच्या व्यस्त प्रमाणात वाढते. चार किलोची रायफल तीन किलोवर आणली तर ती ऊर्जा सुमारे एक तृतीयांशाने वाढते. म्हणजे स्कोपची सर्वांत कठीण परीक्षा नेमकी हलक्या रायफलवर होते, आणि तिथेच आपण सर्वांत हलका स्कोप बसवायला निघतो. यात एक गोष्ट आपल्या बाजूची आहे. स्कोप जितका हलका, तितका धक्क्याच्या वेळी रिंगांवरचा ताण कमी, म्हणून हलका स्कोप रिंगांतून सहसा सरकत नाही. प्रश्न उरतो तो आतल्या यंत्रणेचा.

बाहेरच्या ट्यूबच्या आत आणखी एक बारीक ट्यूब असते, तिला इरेक्टर म्हणतात. ती मागच्या बाजूला टेकलेली असते. टरेटचे, म्हणजे नेम सरकवायच्या बाहेरच्या घुंड्यांचे, स्क्रू तिला वरून आणि बाजूने ढकलतात, आणि समोरून स्प्रिंग तिला त्या स्क्रूंवर दाबून धरते. प्रत्येक बारानंतर ही ट्यूब जागची हलते, आणि स्प्रिंगने तिला होती तिथेच परत आणायचं असतं. स्प्रिंग मऊ पडली की टरेट एक क्लिक (खाच) फिरवल्यावर नेम सरकत नाही, मग पुढचा बार झाला की एकदम उडी मारून सरकतो. दुकानात भिंगातून लांबची पाटी वाचून यातलं काहीही कळत नाही. तरीही बहुतेक खरेदी भिंगाच्या चमकदारपणावर ठरते. ही सर्वांत महागात पडणारी चूक आहे. मध्यम दर्जाचं भिंग आणि पक्की यंत्रणा असलेल्या स्कोपवर शिकार करता येते. भिंग उत्तम असलं तरी झिरो टिकत नसेल, तर त्या स्कोपने जखमी जनावर रानात सुटण्याचा धोका असतो.

गरजेपेक्षा जास्त मॅग्निफिकेशन

पाचशे मीटरवर मोठ्या जनावरासाठी १० ते १२ पट पुरतं. १५ पट भरपूर झालं. २५ पटीवर हवेतली उष्णतेची लहर ठळक दिसू लागते, हाताचा कंप मोठा दिसतो, आणि दिसणारा टापू इतका अरुंद होतो की बार झाल्यावर गोळी कुठे लागली हे पाहण्याआधीच जनावर चौकटीबाहेर जातं. शिवाय त्या जादा पटींसाठी लागणाऱ्या भिंगांचं वजन कायम खांद्यावर असतं. खालचा आकडाही तितकाच महत्त्वाचा. झाडीत तीस मीटरवर अचानक काही उठलं तर ३ पट हवी, ६ पटीवर फक्त केस दिसतील.

संधिप्रकाशाचा हिशोब सोपा आहे. ऑब्जेक्टिव्हचा व्यास भागिले मॅग्निफिकेशन केलं की डोळ्यापर्यंत येणाऱ्या प्रकाशझोताची जाडी मिळते. ४२ मिलिमीटरचं भिंग ६ पटीवर ७ मिलिमीटर देतं, अंधारात पूर्ण उघडलेली तरुण बाहुली साधारण तेवढीच होते. ४४ मिलिमीटरचं भिंग १५ पटीवर जेमतेम २.९ मिलिमीटर देतं. म्हणून अंधारून आलं की आधी मॅग्निफिकेशन कमी करा. त्यासाठी ५६ मिलिमीटरचं जड भिंग घ्यायची गरज नाही. मोठ्या भिंगामुळे रिंगा उंच लागतात, गाल दस्त्यावर नीट टेकत नाही आणि मान उचलून नेम धरावा लागतो. ३० मिलिमीटरची ट्यूब जास्त प्रकाश देते हाही गैरसमज आहे. जाड ट्यूबमुळे इरेक्टरला फिरायला जागा जास्त मिळते, म्हणजे उंचीचं समायोजन वाढतं.

रेटिकल आणि टरेट वेगवेगळ्या मापांचे

रेटिकल (स्कोपमधल्या नेमाच्या रेघा आणि खुणा) मिलमध्ये आणि टरेट एमओएमध्ये (दोन्ही कोनाची मापं), असा स्कोप घेऊच नका. १०० मीटरवर १ मिल म्हणजे १० सेंटिमीटर आणि १ एमओए म्हणजे सुमारे २.९ सेंटिमीटर. ०.१ मिलची एक क्लिक १ सेंटिमीटर सरकवते, पाव एमओएची एक क्लिक सुमारे ७ मिलिमीटर. दोन्ही मापं चांगली आहेत. थंडीत धापा टाकताना ३.४ ने गुणाकार करावा लागणं मात्र वाईट.

सेकंड फोकल प्लेनच्या स्कोपमध्ये, म्हणजे झूम बदललं तरी रेटिकल तेवढंच दिसतं अशा स्कोपमध्ये, रेटिकलवरच्या खुणा एकाच मॅग्निफिकेशनवर खऱ्या असतात, बहुधा सर्वांत वरच्या. १५ पटीवर १ मिल दाखवणारी खूण ५ पटीवर ३ मिलची होते. तुम्ही ५ पटीवर असताना २ मिलची खूण धरलीत, तर प्रत्यक्षात ६ मिल धरले गेले. ४०० मीटरवर गोळी १६० सेंटिमीटर वरून निघून जाते. फर्स्ट फोकल प्लेनमध्ये रेटिकल झूमबरोबर लहानमोठं होतं, म्हणून हा घोटाळा होत नाही, पण कमी पटीवर रेटिकल केसासारखं बारीक दिसतं आणि गर्द झाडीत हरवतं. अंतरासाठी टरेट फिरवणार असाल तर ठळक रेटिकलचा सेकंड फोकल प्लेन चालतो, आणि तो सहसा हलकाही असतो. वाऱ्यासाठी खुणा धरणार असाल तर फर्स्ट फोकल प्लेन घ्या आणि ३ पटीवर त्याचं रेटिकल सावलीत पाहून मगच ठरवा.

पॅरॅलॅक्सबद्दल एकतर घाबरणं, नाहीतर दुर्लक्ष

पॅरॅलॅक्स म्हणजे डोळा हलला की रेटिकल लक्ष्यावर सरकल्यासारखं दिसणं. ते घालवणारी बाजूची घुंडी नसलेले स्कोप हलके असतात, आणि अनेकदा ते १०० किंवा १५० यार्डांवर कायमचे जुळवलेले असतात. होणारी जास्तीत जास्त चूक काढता येते. भिंगाच्या व्यासाचा अर्धा घ्या, त्याला प्रत्यक्ष अंतर आणि जुळवलेलं अंतर यांच्या फरकाने गुणा, आणि जुळवलेल्या अंतराने भागा. ४२ मिलिमीटरचं भिंग, जुळवणी १०० मीटर, नेम ४०० मीटरवर, तर २१ गुणिले ३, म्हणजे ६३ मिलिमीटर. ही चूकही डोळा अगदी कडेला असेल तेव्हाची. डोळा मध्यावर असेल तर ती जवळजवळ शून्यावर येते. त्यामुळे ३०० मीटरच्या आत घुंडी नसली तरी अडत नाही, त्यापुढे असलेली बरी. घुंडीवरच्या आकड्यांवर विश्वास ठेवू नका. डोकं किंचित हलवा आणि रेटिकल लक्ष्यावर तरंगणं थांबेपर्यंत घुंडी फिरवा.

उघडे टरेट, कुलूप नाही

पट्ट्याने खांद्याला लावलेल्या रायफलचा टरेट कपड्यांना, झुडपाला घासून फिरतो. पूर्ण एक फेरा फिरला तर आकडा पुन्हा शून्यच दिसतो, म्हणून लक्षातही येत नाही. एका फेऱ्यात ५ मिल असतील तर ३०० मीटरवर दीड मीटरची चूक होते. उंचीच्या टरेटला झिरो-स्टॉप (शून्याखाली फिरू न देणारी अडवण) किंवा कुलूप हवं, वाऱ्याच्या टरेटवर टोपी हवी. या दोन गोष्टींसाठी वाढणारे काही ग्रॅम खुशाल घ्या. मीटर छापलेले खास डायल एका ठराविक गोळीसाठी, ठराविक उंची आणि तापमानासाठी बनतात. काडतूस बदललं किंवा दोन हजार मीटर वर चढलात की ते आकडे खोटे ठरतात.

बसवण्यातल्या चुका

स्कोपवर फोडलेलं खापर बऱ्याचदा बसवण्याचं असतं, म्हणून इथे जरा थांबू. आधी रायफल रिकामी करा, बोल्ट काढा, चेंबर बोटाने तपासा.

बेसचे आटे आणि स्क्रू तेलमुक्त करा. बारीक बेस स्क्रूंना साधारण २० ते २५ इंच-पाउंड आणि रिंगांच्या वरच्या स्क्रूंना १५ ते १८ इंच-पाउंड, म्हणजे १.७ ते २ न्यूटन-मीटर, ही नेहमीची मापं. स्कोप किंवा रिंगवाल्याने वेगळा आकडा दिला असेल तर तोच पाळा. अंदाजाने पिळू नका, टॉर्क पाना वापरा. हलक्या स्कोपची पातळ ट्यूब जास्त आवळली की चिमटते, आत इरेक्टर अडकतो आणि क्लिक अडखळत चालतात. रिंगांच्या स्क्रूंना लॉकटाइटसारखा द्रव लावला तर तो वंगणाचं काम करतो, आणि त्याच आकड्यावर प्रत्यक्ष दाब जास्त पडतो. रिंग टरेटच्या फुगीर भागाला किंवा भिंगाच्या उताराला टेकू देऊ नका.

हलक्या रायफलवर डोळ्यापासून भिंगाचं अंतर निदान ९० मिलिमीटर हवं, नाहीतर भुवई फुटते. हे अंतर सर्वांत वरच्या पटीवर, आणि पालथं झोपून जुळवा. त्या स्थितीत डोकं सर्वांत पुढे येतं. उभं राहून जुळवलेला स्कोप झोपल्यावर जवळ येतो.

रेटिकल सरळ करायला ओळंबा वापरा. रायफल पाणसळीने समपातळीत धरा, पन्नासेक मीटरवर ओळंबा टांगा आणि उभी रेघ त्याच्या दोरीवर आणा. स्क्रू आवळताना स्कोप किंचित फिरतोच, म्हणून फुलीच्या क्रमाने थोडं थोडं आवळा आणि शेवटी पुन्हा दोरीशी ताडून पाहा. ५०० मीटरसाठी ३ मिल फिरवले आणि स्कोप ३ अंशांनी तिरका असला, तर गोळी सुमारे ८ सेंटिमीटर बाजूला जाते आणि दोष वाऱ्याला लावला जातो. सगळं झालं की ट्यूबवर, रिंगेला लागून, रंगाची बारीक रेघ ओढा. स्कोप सरकला तर ती सांगेल.

न तपासता रानात नेणं

उंच कागदावर ओळंब्याने उभी रेघ आखा आणि टेपने मोजून बरोबर १०० मीटरवर लावा. यार्ड आणि मीटर यांची गल्लत इथे फार होते, आणि ती सुमारे ९ टक्क्यांची असते. खालच्या बिंदूवर तीन बार करा, ८ मिल वर फिरवा, त्याच बिंदूवर नेम धरून तीन बार करा, परत शून्यावर या आणि पुन्हा तीन. वरचा गट (तीन छिद्रांचा पुंजका) ८० सेंटिमीटरवर हवा आणि शेवटचा गट पहिल्यावर बसायला हवा. ३ टक्के कमी भरलं तर ६०० मीटरवर, जिथे ५ मिल लागतात, ९ सेंटिमीटरची चूक होते. ती चूक दर वेळी तेवढीच येत असेल तर गणितात धरता येते. दर वेळी वेगळी येत असेल तर तो स्कोप परत करा. झूम ३ पटीवर आणि १५ पटीवर ठेवूनही एकेक गट काढा, नेम सरकत असेल तर तिथेच कळेल.

गट फाकला किंवा झिरो हलला तर

क्रम चुकवू नका. आधी दस्ता आणि अ‍ॅक्शन जोडणारे स्क्रू, मग बेस, मग रिंगा, मग रंगाची रेघ, आणि शेवटी स्कोप. एका वेळी एकच गोष्ट बदला, नाहीतर नेमकं काय सुधारलं ते कळणार नाही. सगळे स्क्रू मापात असूनही गट फिरत असेल तर खात्रीचा दुसरा स्कोप चढवून पाहा. गट लगेच जुळला तर दोषी कोण ते ठरलं.

गट घट्ट आहे, पण रोज थोडा एकाच दिशेने सरकतो? रिंगा सरकत असतील. क्लिक दिल्यावर काहीच होत नाही? टरेट टोकाला पोहोचला असेल किंवा रिंग जास्त आवळलेली असेल. एक रिंग सैल करून पुन्हा मापात आवळा, तरीही तसंच राहिलं तर स्प्रिंग गेली. रेटिकल धूसर दिसत असेल तर पॅरॅलॅक्सला हात लावू नका, डोळ्याजवळचं डायऑप्टर (रेटिकल स्पष्ट करणारी कडी) फिरवा. सूर्यापासून दूरच्या मोकळ्या आकाशाकडे तीन-चार सेकंदच पाहायचं, नजर हटवायची आणि पुन्हा पाहायचं. जास्त वेळ रोखून पाहिलं तर डोळाच जुळवून घेतो आणि माप चुकतं. भिंगाच्या बाहेर धुकं साठलं तर ते श्वासाचं किंवा तापमान बदलल्याचं, ते निघून जातं. आतल्या बाजूने साठलं तर सील फुटलं आहे आणि भरलेला कोरडा वायू निघून गेला आहे. असा स्कोप घरी उघडू नका, कंपनीकडेच पाठवा, आणि काढण्याआधी टरेटचे आकडे आणि रिंगांच्या खाचा लिहून ठेवा.